सातार्डेकर आणि इतर

मंडळी, पूर्वरंगात आपण नामाचा महिमा पाहिला. देवाचं नाव घ्यायला काही लागत नाही — ना मुहूर्त, ना सोवळं! घसा बसला तरी मनातल्या मनात घेता येतं. आता मला सांगा, देवाचं नाव घ्यायला इतकी सरसावणारी ही जीभ — माणसाचं नाव घ्यायची वेळ आली की टाळूला का चिकटते हो?

हसू नका! काम शेजाऱ्यानं केलेलं असतं, आणि आपण चारचौघांत म्हणतो — "झालं बुवा एकदाचं!" झालं! आपोआप झालं! जसं काही पावसानं गवत उगवावं!

तर प्रश्न असा, आणि तो नीट ऐका. एखादी गोष्ट शोधून काढली एकीनं, आणि कागदावर लिहिली दुसरीनं. जगाला कळली ती कागदामुळे. मग नाव कुणाचं? शोधणारीचं की लिहिणारीचं? घाई नको. पुढच्या रांगेतले काका लगेच "शोधणारीचं!" म्हणून मोकळे झाले. काका, दुसऱ्याच्या पदरातून दान करायला सोपं असतं! आख्यान ऐका, मग बोला.

सव्वीस-सत्तावीस वर्षं झाली. घाटावरच्या एका मेडिकल कॉलेजात डॉक्टर वैजयंती मिरजकर म्हणून कातडीच्या डॉक्टर होत्या. खरूज, नायटा, गजकर्ण, कोड — माणूस ज्या गोष्टी बाहीखाली लपवतो, त्या सगळ्या उघड्या करून बघणाऱ्या! वय अडतीस. हुशार, अबोल, सरळ. कॉलेजात शिकवायच्या, पण पद मात्र व्याख्यात्याचं. वरची जागा मिळायला लागतात शोधनिबंध.

शोधनिबंध म्हणजे काय? आपण काय तपासलं, कसं तपासलं, काय सापडलं, ते लिहून काढायचं आणि परदेशातल्या मासिकाकडे धाडायचं. छापलं तर छापलं. आणि छापल्यावर दुसऱ्या कुणी आपल्या लेखात लिहिलं, की 'अमक्यांनी असं दाखवलं आहे', तर तो झाला संदर्भ. आम्ही कीर्तनकार नाही का, दर चार वाक्यांनी म्हणतो, "संत सांगतात"? तसंच! जितक्या लोकांनी तुमचं नाव घेतलं, तितकं तुमचं वजन. विद्वानांचं नामस्मरणच ते — फक्त इथे देव व्हायची इच्छा प्रत्येकाला!

वैजयंतीबाईंचे अकरा निबंध छापून झाले होते. अकरा! आणि त्यांचा संदर्भ जगात किती जणांनी दिला होता? चार. त्यातले तीन त्यांनी स्वतःच, आपल्याच पुढच्या लेखांत! आरशासमोर उभं राहून स्वतःच्याच पाया पडल्यासारखं. बाई स्वतः हे हसून सांगायच्या, पण आत कुठे तरी टोचायचं. आणि तीन-चार वर्षांत वरची जागा निघणार होती. अट होती — आणखी एक निबंध हवा, आणि त्यावर पहिलं नाव तुमचं हवं.

त्या उन्हाळ्यात कॉलेजचं शिबिर लागलं वेंगुर्ल्याच्या बाजूला, कातळवाडीला. तिथे काजूचा कारखाना. साठ-सत्तर बाया बी फोडायला. आता कोकणातल्या माणसाला मी काजूचा चीक काय सांगायचा? आतला गर देवाघरचा, आणि भोवतीची साल — साक्षात यमाची चिलीम! त्या सालीतलं काळं तेल बोटाला लागलं की कातडी जळते, फोड येतात, पापुद्रे सुटतात. रोज आठ तास, वर्षानुवर्षं! शहरात आपण बर्फीवर अर्धा काजू चिकटवून मिरवतो ना, त्या अर्ध्या काजूमागे कुणाची तरी दोन बोटं सोललेली असतात.

वैजयंतीबाई शाळेच्या वर्गात टेबल मांडून बसल्या. एकेक बाई येते, हात पुढे करते. काळी बोटं. भेगा. नखं झिजलेली. त्या लिहितायत — दोन्ही हात. दोन्ही हात. दोन्ही हात. दुपार झाली. आणि एक बाई आली, तिचा उजवा हात सोललेला — आणि डावा? डावा स्वच्छ! पिठात घातलेल्या हातासारखा मऊ!

बाईंना वाटलं, असेल काही. दुसरी आली. उजवा सोललेला, डावा स्वच्छ. तिसरी. चौथी. अकराच्या अकरा बाया! सगळ्या तीन नंबरच्या शेडमधल्या!

"हे काय आहे? तुम्ही डाव्या हाताला काय करता?"

त्या एकमेकींकडे बघून हसल्या. एक म्हणाली, "आमका काय विचारतास? शेवंतीबायक विचारा!"

शेवंतीबाईंना बोलावलं. शेवंती सातार्डेकर. पन्नाशी ओलांडलेली, उंच, काटकुळी. शाळेची पायरी चढलेली नाही — म्हणजे त्या दिवशी चढली तीच पहिली! येऊन बसली ती डॉक्टरांच्या समोर नाही, जरा बाजूला. आणि जे सांगितलं, ते ऐकून — मंडळी, मी चाळीस वर्षं कीर्तन करतोय, शास्त्री पाहिले, पंडित पाहिले — हे ऐकताना माझ्या अंगावर काटा आला होता!

म्हणाली, "शेडीत रोज भांडणा. एक म्हणता चुन्याची निवळी लावा, एक म्हणता खोबरेल लावा. माझी आवस म्हणायची, भिरंडेलासारख्या औषध नाय." भिरंडेल म्हणजे आपलं कोकमाच्या बियांचं तेल. "चौथी म्हणता एरंडेल लावन वर चुलीतली राख. मगे मी म्हटलंय, भांडतास कित्याक? एका हाताक ह्या लावा, दुसऱ्या हाताक त्या लावा. काय ता हात सांगतले!"

हात सांगतील! तोंडानं भांडू नका, हात सांगतील!

कुस्तीचा फडच लावला बाईनं. पहिली कुस्ती निवळी विरुद्ध भिरंडेल. भिरंडेल जिंकलं. मग भिरंडेल विरुद्ध खोबरेल. खोबरेल जिंकलं. मग खोबरेल विरुद्ध एरंडेल-राख — आणि एरंडेल-राख जिंकत होती, यंदा ती डाव्या हाताला होती! अकरा बाया, एका मनगटात लाल दोरा, म्हणजे कुठल्या हाताला काय हे चुकायला नको!

वैजयंतीबाई ऐकतायत. पण डॉक्टर ना त्या! लगेच शंका काढली, "अहो पण उजव्या हाताला काम जास्त असतं. तो त्यामुळेच सोलला असेल. औषधाचा काय संबंध?"

शेवंतीबाई हसली. "तर काय! म्हणान तर हरएक जोडी दोन हंगाम लावतंव. गेल्या वर्सा हात उलटे हुते. तेव्हा उजवो बरो रवलो नि डावो सोललो."

वैजयंतीबाईंचं पेन थांबलं.

का थांबलं? कारण मंडळी, हे जे आहे ना — एकाच माणसाच्या एका अंगाला एक औषध, दुसऱ्या अंगाला दुसरं. मग बाजू बदलून पुन्हा बघायचं — हे मोठमोठ्या कॉलेजांत शिकवतात! त्याला जाडजूड पुस्तकं आहेत! वैजयंतीबाई स्वतः ते फळ्यावर लिहून पोरांना समजावायच्या, आणि वर्षाला चाळीस पोरं त्यात नापास व्हायची! आणि इथे ही बाई, अक्षर एक येत नाही, काजूच्या धुरात बसून, सहा हंगाम, कुणी सांगितलेलं नसताना...

त्यांनी विचारलं, "म्हणजे तुमच्या आईचं औषध हरलं. वाईट नाही वाटलं?"

"वायट वाटला." शेवंतीबाईनं आपले दोन्ही हात मांडीवर उलटे ठेवले. "पण हाताक काय खोटा बोलूक येणा नाय."

अहो, कुठून येतं हे! आपल्या आईचा शब्द, आणि तोही खोटा ठरला तर ठरू द्यायचा! आपण चहात आलं आधी घालायचं की साखर, यावरून तीन पिढ्या भांडतो!

वैजयंतीबाई पुढे तीन हंगाम कातळवाडीला येत राहिल्या. फोटो काढले. फोड मोजले. दुसऱ्या दोन शेडमधल्या बायाही घेतल्या. शंभर हातांच्या वर झाले. आकडे मांडले. आणि आकड्यांनी काय सांगितलं? जे शेवंतीबाईनं पहिल्या दिवशी सांगितलं होतं, तेच! तसूभरही वेगळं नाही.

निबंध लिहून झाला. उत्तम झाला. विभागप्रमुखांनी वाचला, चष्मा काढला, म्हणाले, "वैजयंती, ही तुझी खुर्ची आली बघ. पहिलं नाव तुझं, दुसरं माझं घाल हवं तर. आणि त्या बाईंचे शेवटी आभार मान. छान दोन ओळी लिही."

आता यात वाईट काय सांगा? माणूस दुष्ट नव्हता. रीतच ती! वैजयंतीबाईंनी लिहिलं तसं. पहिलं नाव, मिरजकर. शेवटी बारीक अक्षरात, 'श्रीमती शेवंती सातार्डेकर यांच्या सहकार्याबद्दल आभार'. आणि पाठवायच्या आधी त्यांना वाटलं, ज्या बायांचे हात यात आहेत, त्यांना एकदा वाचून दाखवावं. शिष्टाचार म्हणून.

गेल्या कातळवाडीला. जेवणाच्या सुट्टीत बाया भोवती बसल्या. वैजयंतीबाई इंग्रजीचं मराठी करून वाचतायत. "आम्ही असं ठरवलं, की प्रत्येकीच्या एका हाताला एक औषध लावावं... आम्ही पुढच्या हंगामात हात बदलले... आम्हाला असं दिसलं..."

शेवंतीबाई लक्ष देऊन ऐकत होती. मध्येच म्हणाली, "आमी म्हणजे कोण गो बाय?"

टोमणा नव्हता, मंडळी! रागही नव्हता. तिला खरंच कळलं नव्हतं. तिला वाटलं, दुसऱ्या कुठल्या गावीही असंच कुणी केलं असेल, त्यांची हकिगत आहे!

वैजयंतीबाईंनी कागद मांडीवर ठेवला. अकरा निबंध लिहिले होते. प्रत्येकात 'आम्ही, आम्ही' लिहिलं होतं. कधी कुणी विचारलं नव्हतं, आम्ही म्हणजे कोण!

"चुकलं माझं," त्या म्हणाल्या. "पुन्हा लिहिते."

परत गेल्या आणि पहिल्या ओळीतलं आपलं नाव खोडलं. तिथे लिहिलं सातार्डेकर. त्याच्यामागे मिरजकर, शेवटी विभागप्रमुख. विभागप्रमुखांनी कागद बघितला आणि पहिल्या नावावर बोट ठेवलं.

"पदवी काय लिहिणार?"

"काही नाही."

"संस्था?"

"काजू कारखाना, शेड नंबर तीन."

"तुझी खुर्ची जाईल, वैजयंती."

"कळतं मला, सर."

कळतं मला! दोन शब्द! म्हणायला जड किती! मुलाखत दोन महिन्यांवर होती हो! मला कुणी सांगावं, की महाराज, आजच्या पत्रिकेवर तुमचं नाव खाली आणि पेटीवाल्यांचं वर छापू — मी हसून हो म्हणेन आणि पुढच्या वर्षी या गावाला यायचा नाही!

निबंध धाडला. एका मासिकानं परत केला. दुसऱ्यानं परत केला. तिसऱ्याच्या संपादकानं पत्र लिहिलं, या पहिल्या लेखिकेनं नेमकं केलं काय? वैजयंतीबाईंनी उत्तर दिलं, 'प्रश्न तिचा. पद्धत तिची. निकाल तिचा. मी मोजलं.'

मग संपादकाचं म्हणणं आलं, ठीक आहे, सगळ्या लेखकांच्या सह्या पाठवा. वैजयंतीबाई शाईची डबी घेऊन कातळवाडीला आल्या. शेवंतीबाईनं अंगठा बुडवला, कागदावर टेकवला, उचलला. आणि कागदावर काय? नुसता निळा डाग! पुन्हा टेकवला. पुन्हा डाग! एक रेघ नाही, एक वळण नाही!

अहो, तीस वर्षं त्या तेलानं कातडी सोलली होती, उगवली होती, पुन्हा सोलली होती. अंगठ्यावरच्या रेषा, ज्या देव आईच्या पोटात काढून पाठवतो, जगात दुसऱ्या कुणाच्या नसतात अशा, त्या पुसल्या गेल्या होत्या! औषध सापडेपर्यंत रेषा संपल्या होत्या!

वैजयंतीबाई कातडीच्या डॉक्टर. त्यांनी असे अंगठे पुस्तकात पाहिले होते. पण त्या दिवशी त्यांना तिथे बसवेना. उठून बाहेर गेल्या, नळावर तोंड धुतलं, मग परत आल्या. कागद तसाच पाठवला. तिकडून निरोप — ठसा अस्पष्ट आहे, नीट उठवून पाठवा. बाईंनी एका ओळीचं उत्तर लिहिलं, 'हा ठसा स्पष्ट आहे. हा अंगठाच असा आहे, म्हणून तर हा निबंध लिहिला.'

निबंध छापला गेला!

आणि वैजयंतीबाईंची खुर्ची? गेली. त्यांच्यामागून लागलेल्या एका गृहस्थांना मिळाली. बाई पुढची सहा वर्षं व्याख्यात्याच राहिल्या. वाईट वाटलं का? वाटलं की! त्या काही संत नव्हत्या. त्या गृहस्थांनी वाटलेला पेढा कडू लागला, असं त्यांनी स्वतः सांगितलंय.

पहिल्या वर्षी त्या निबंधाचा संदर्भ कुणीच दिला नाही. दुसऱ्या वर्षी एकानं, केरळातल्या. मग व्हिएतनाममधून. मग ब्राझील. आफ्रिकेतले दोन-तीन देश. जिथे जिथे काजू, तिथे तिथे सोललेले हात, आणि तिथे तिथे एखादा डॉक्टर हा कागद हातात धरून बसलेला! मग काजू नाही अशा ठिकाणीही! सिमेंट कालवणारे गवंडी, कोळंबी सोलणाऱ्या बाया, कापड रंगवणारे कारागीर. एक हात असा, एक हात तसा, मग बदल! पन्नास झाले. दोनशे झाले. तेरा वर्षांत सहाशे बारा!

सहाशे बारा ठिकाणी, सहाशे बारा वेळा, जगातल्या विद्वानांनी लिहिलं, 'सातार्डेकर आणि इतर'. अहो, रीत अशी असते की पहिलं नाव लिहायचं आणि बाकीच्यांना म्हणायचं 'इतर'. शेड नंबर तीनमधली शेवंतीबाई झाली सातार्डेकर! आणि वैजयंती मिरजकर, एम.डी., सुवर्णपदक — 'इतर'! कुणाला ते नाव माहीत नाही. स्वतःच्या हातानं त्या 'इतर' झाल्या!

कोचीला मोठी परिषद भरली. बाई मागच्या रांगेत बसल्या होत्या. व्यासपीठावर व्हिएतनामची एक तरुण डॉक्टर. तिला काही ते नाव उच्चारता येईना. साता-डेका, सार-ताडे-का! सभा हसली, पण सगळ्यांना कळलं कुणाबद्दल बोलते आहे. शेजारचे एक गृहस्थ वैजयंतीबाईंकडे वाकून म्हणाले, "फार मोठा माणूस होता म्हणे हा डॉक्टर सातार्डेकर. वारले ना?"

बाई म्हणाल्या, "नाही हो. आत्ता बी फोडत असतील."

परिषद संपली आणि बाई घरी न जाता तडक कातळवाडीला आल्या. शेवंतीबाई आता पासष्टीच्या पुढे. फोडायचं काम जमत नव्हतं, तर शेडमध्ये गर निवडायला बसायची. वैजयंतीबाईंनी जगाचा नकाशाच आणला होता. जिथे जिथे नाव घेतलं गेलं, तिथे टिंब. "शेवंतीबाई, हे बघा. इथे तुमचं नाव घेतात. इथेही. समुद्रापलीकडे. सहाशे बारा!"

शेवंतीबाईनं नकाशा बघितला. टिंबांवरून बोट फिरवलं. म्हणाली, "नाव घेतल्यानी ता रवांदे. तेंनी तपासल्यानी काय? हात बदलल्यानी?"

मंडळी! सहाशे बारा जणांनी नाव घेतलं, त्याचं हिला काही नाही! माझ्या शब्दावर विश्वास ठेवला की खरं-खोटं करून बघितलं, एवढंच विचारतेय!

वैजयंतीबाई अडखळल्या. कारण सांगायचं नाही असं ठरवून आल्या होत्या, पण आता खोटं कसं बोलायचं? म्हणाल्या, "त्या व्हिएतनामच्या मुलीनं तपासलं. एरंडेल खरं ठरलं. पण... ती म्हणते राखेची गरज नाही. राखेनं उलट भेगा पडतात. तेवढं तुमचं चुकलं."

बाया शेवंतीबाईच्या तोंडाकडे बघतायत. आयुष्यभरात एक गोष्ट हिच्या नावावर, आणि तीही परदेशातल्या पोरीनं अर्धी खोडली!

शेवंतीबाईनं कपाळावर हात मारला. "खरा गो! राख काढून आमी कधी बघलाच नाय!" आणि तोंडभर हसली! "मगे बघूक होया!"

दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजता, मंडळी, शेड नंबर तीनमध्ये चौदा बाया बसल्या होत्या. एका हाताला एरंडेल आणि राख. दुसऱ्या हाताला नुसतं एरंडेल. आणि वैजयंतीबाई? पदर खोचून, वही घेऊन, नावं लिहीत होत्या. वरून पहिलं नाव शेवंतीबाईनं सांगितलं, "तिचा लिव, व्हिएतनामच्या चेडवाचा! सवाल तिचो आसा!"

काय म्हणावं! मी इथे टाळ वाजवून भक्ती शिकवतो, पण सत्यापुढे एवढी वाकलेली मान मी कुठल्या देवळात पाहिली नाही.

आता काका, द्या उत्तर! नाव कुणाचं? बघा, आता काका गप्प झाले. चांगलं झालं. मीही गप्पच होतो, ही गोष्ट ऐकली तेव्हा.

आणि ऐकली कुणाकडून? मघापासून तुम्ही माना डोलावताय, "महाराजांनी काय आख्यान रचलंय!" मी नाही रचलं! शेडमध्ये त्या चौदाजणींत मनोरमा टेमकर बसल्या होत्या. सध्या इथे लेकीकडे आल्या आहेत. परवा ओट्यावर बसून दोन तास मला सगळं सांगितलं त्यांनी. त्या बघा, तिसऱ्या खांबाजवळ. तोंड पदरात लपवू नका, मनोरमाबाई! सगळ्यांना दिसू द्या! काल शेजारच्या गावात मी हे आख्यान सांगितलं तेव्हा तुमचं नाव घेतलं नव्हतं. मुद्दाम नाही — राहून गेलं. असंच राहून जातं ना, मंडळी?

आता आरतीआधी एक करा. घरी जाऊन नाही, इथेच. तुमच्या हातून झालेलं म्हणून जग जे ओळखतं, ते ज्यानं खरं केलं — त्या एका माणसाचं नाव शेजारच्याच्या कानात सांगा. मोठ्यानं नको, लाज वाटत असेल तर. पण पूर्ण सांगा, आडनावासकट.

मी थांबतो. पेटी बंद. तबला बंद. सांगा.